गाळलेल्या पाण्याचा नमुना

लग्न होऊन मी सांगलीकडच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूबाई मला विहिरीला काहीतरी परत देताना दिसल्या. आधी त्यांनी पाणी शेंदलं, जाड दुहेरी फडक्यातून कळशीत गाळलं. मग फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतलं आणि ते धुवण एका लहान बादलीत घेतलं. ती बादलीही नेहमीसारखी नव्हती, तिच्या तळालाही एक कडी होती. बादली हळूहळू खाली सोडली, पाण्याला टेकली तशी दोरीला बारीकसा हिसका दिला आणि ती अलगद कलंडली. वरून भसकन ओतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं.

"जीव आपटून मरतील की गं," त्या म्हणाल्या. "त्यांचं घर हाय ते. जिथनं आणलं तिथंच सोडायचं."

मी रहिमतपूरची. आमच्याकडे नळाला पाणी आलं की हंडा भरायचा, एवढाच पाण्याचा आणि आमचा संबंध, आणि रविवारी मटण ठरलेलं. सांगलीत शिकताना एका जैन मुलाच्या प्रेमात पडले आणि दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फुगवून शेवटी हात टेकले. त्यात मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी, आणि नसत्या चौकशा करायची खोड जन्मजात. त्यामुळे या धुवणात नक्की कोण राहतं ते पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मी घरी घेऊन आले. सासूबाईंनी आधी कटकट केली, पण धुवणाचे दोन थेंब घेऊ दिले, तेही परत विहिरीत सोडण्याच्या बोलीवर. भिंगाखाली पाहिलं तर नुसती जत्रा. इवलेसे पारदर्शक जीव झटके देत इकडून तिकडे पळत होते. एकाला कपाळाच्या मध्यभागी एकच लाल डोळा आणि मागे दोन्ही बाजूंना अंड्यांनी भरलेल्या दोन पिशव्या. मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, एक डोळा मिटला आणि दुसरा भिंगाला लावला.

"आगं," त्या एकदम म्हणाल्या, "ही तर गाभण हाय!"

इतकी वर्षं ज्यांना न पाहता घरी पोचवलं, त्यांची त्या दिवशी पहिली भेट झाली. त्या संध्याकाळपर्यंत चार वेळा भिंगाला डोळा लावून गेल्या. मला वाटलं होतं मी त्यांना विज्ञान दाखवतेय. पण त्यांना नवीन असं काही वाटलंच नव्हतं, फक्त ओळख पटली होती. आमची खरी दोस्ती तिथून सुरू झाली.

सासूबाईंचं एक व्रत होतं. प्यायचं ते विहिरीचंच पाणी, तेही स्वतः शेंदून, स्वतः गाळून. नळाचं नाही, मशीनचं नाही, जारचं तर नावच नको. विहार करत जैन मुनी महाराज गावात आले की आहारासाठी आमच्याच विहिरीचं पाणी लागे, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. बाकी आम्ही सगळे एकेक करून जारवर गेलो. आधी नवरा, मग मी, मग मामंजी, म्हणजे माझे सासरे. थंडगार, चव नसलेलं पाणी. स्वयंपाकघरात कोपऱ्यात निळा जार आणि ओट्यावर सासूबाईंची कळशी, अशी दोन पाणी एका घरात नांदू लागली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता कारखान्याचं सांगायला हवं. आमच्या गावापासून दोन मैलांवर साखर कारखाना आहे, सहकारी. मामंजी त्याचे फार जुने सभासद. कारखान्याला ते कधीच 'कारखाना' म्हणत नाहीत, 'आपला कारखाना' म्हणतात. मी सुरुवातीला हसायचे, पण ते खोटं नव्हतं. गावचा रस्ता कारखान्यानं केला, शाळेवर पत्रे कारखान्याचे, माझ्या नवऱ्याचं इंजिनिअरिंग उसाच्या बिलावर झालं. दिवाळीला सभासदांची साखर आली की मामंजी पोतं स्वतः उतरवून घेत, जणू माहेरचा आहेर आलाय.

काही वर्षांपूर्वी कारखान्यानं दारूभट्टी, म्हणजे स्पिरिट आणि इथेनॉल करायचा प्रकल्प, काढायचं ठरवलं. त्या वार्षिक सभेहून मामंजी पेढ्यांचा पुडा घेऊनच आले. नुसत्या साखरेवर आता कारखाने तगत नाहीत, इथेनॉलनं दर वाढेल, असं त्यांनी आम्हाला समजावलं. आणि तसा तो वाढलाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं लिहिताना माझा तोल जाईल हे मला ठाऊक आहे.

भट्टीतून निघणारं मळीचं पाणी साठवायला ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठं तळं खणलं. ते शुद्ध करायचं यंत्रही बसवलं. हे यंत्र चालतं का, असं मी एकदा मामंजींना विचारलं.

"साहेब लोक यायचं असलं की चालतंय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "त्याला वीज लय लागती गं. रोज चालवलं तर भट्टीतनं सुटणार काय?"

हे सांगताना त्यांना लाज वाटत नव्हती. घरच्या काटकसरीचं सांगावं तसं सांगत होते, आणि मलाही ते तसंच ऐकू आलं. मी जारचं पाणी प्यायले आणि पेपर तपासायला बसले.

मग एका हिवाळ्यात जतकडची एक धनगरीण मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरली. दरवर्षी यायची, रात्रीपुरती मेंढरं शेतात बसवायची, खत व्हायचं. त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी निघाली. सासूबाईंनी कारण विचारलं.

"वड्याला मेंढरं तोंड लावंनात," ती म्हणाली. "तान्हेली हायती, पर वास घेत्याती आन् मागं सरत्याती. आमच्याकडं पाणीच न्हाई, हितं असून न्हाई."

मी ओढ्यावर जाऊन पाहिलं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वर फेस, आणि कुजलेल्या गुळाचा वास. फोटो काढले, नवऱ्याला पाठवले, त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. झालं.

त्याच सुमारास सासूबाई एका सकाळी फडकं हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ते तुझं यंत्र आण बघू कॉलेजातनं."

"का हो आत्या?" त्यांना मी आत्याच म्हणते.

"फडक्यात काय येईना झालंय."

मला कळलंच नाही. फडक्यात काही येत नाही म्हणजे पाणी स्वच्छ झालं ना? त्या माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलीकडे पाहावं तशा पाहत राहिल्या. इतकी वर्षं त्या फडकं झटकत, धुवत आल्या होत्या. त्याला लागणारा तो हलका चिकटपणा, तो बुळबुळीत हिरवट वास, तो त्यांच्या बोटांना पाठ होता. आता फडकं नुसतं ओलं व्हायचं.

सूक्ष्मदर्शक आणला. एक थेंब, दोन थेंब, दहा थेंब. काही हलत नव्हतं. तांबूस कण होते, मेलेल्या कवचांचे तुकडे होते, आणि एक रिकामी अंड्यांची पिशवी. मला शास्त्र माहीत आहे. मळीतल्या कुजक्या पदार्थांनी पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकला की श्वास घेणारं सगळं मरतं. तळ्याला अस्तर नाही, मळीचं पाणी जमिनीतून झिरपत विहिरीपर्यंत पोचलंय, हे सांगायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. पण शास्त्र माहीत असून ते मला सुचलं नाही, आणि त्यांना बोटांनी कळलं. याची मला अजून खंत वाटते.

"सगळीच गेली का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी धुवणाची बादली उचलली, विहिरीत सोडली, पाण्याला टेकल्यावर हिसका दिला. "आत्या, आता कशाला?" मी म्हटलं. "एखादं असलं तर?" त्या म्हणाल्या.

आणि मग त्या तेच पाणी प्यायल्या.

तिथून माझं डोकं फिरलं. मी त्यांना व्रत सोडायला सांगितलं, विनवलं, भांडलेसुद्धा. त्यांचं पोट दुखायचं, अंगाला खाज सुटायची, ब्लाउज ढिले व्हायला लागले. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि शेवटी एवढंच म्हणाले, आजी, पाणी बदला. त्या हसल्या. गावात दुसरी चालू विहीर नव्हती, सगळ्यांनी बोअर मारून विहिरी बुजवलेल्या. वयाकडे बघून महाराजसुद्धा व्रतातून सूट देतील, असं मी म्हटलं.

"देतील की," त्या म्हणाल्या. "मी सोडलं, तर मग त्या हिरीचं पाणी पिणारं गावात कोण राहिलं? मग बुजवा म्हणतील."

तेव्हा मला उमगलं, त्या व्रत नाही, विहीर धरून बसल्या होत्या. त्या पितात तोवर ती पिण्याच्या पाण्याची विहीर. त्यांनी सोडलं की तो एक खड्डा.

मी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. लेखी, पोच घेऊन, तळं, ओढा आणि विहीर दाखवणारा नकाशा जोडून. बरेच फोन केल्यावर ऐन गळिताच्या, म्हणजे ऊस गाळपाच्या, दिवसांत एक तरुण अधिकारी नमुना घ्यायला आला. बिचारा भला होता. सीलबंद बाटल्या, लेबलं, सगळं व्यवस्थित. सासूबाई त्या दिवशी अंथरुणावर होत्या, म्हणून पाणी मीच शेंदलं.

आता जे लिहायचं ते लिहिताना अजून कान तापतात. दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मी मुलांना सांगते, नमुना जसा आहे तसाच घ्यायचा, त्यात आपला हात नको. आणि त्या दिवशी मी कठड्यावरचं फडकं घेतलं, दुहेरी घडी घातली, बाटलीच्या तोंडावर धरलं आणि पाणी गाळून भरलं. अधिकारी खाली बघून लिहीत होता. बाटली भरल्यावर त्यानं वर पाहिलं, संकोचला. कागदावर प्रामाणिकपणे लिहिलं, 'घरच्यांनी कापडातून गाळून दिलेले पाणी.' मी ते वाचलं. वाचून सही केली. मला त्यात काहीएक खटकलं नाही. त्या घरात इतकी वर्षं काढल्यावर गाळलेलं पाणी म्हणजेच पाणी, दुसरं पाणीच मला माहीत नव्हतं. उलट त्याला घरच्या जैन रीतीनं लवंग घातलेलं प्यायचं पाणी दिलं, तेही आग्रहानं.

उत्तर यायला पावसाळा उजाडला. नमुना विहित पद्धतीने घेतलेला नसल्याने, घरगुती प्रक्रिया केलेली असल्याने, निष्कर्ष काढता येत नाही. पत्राची प्रत कारखान्यालाही गेली होती. चावडीवर कुणीतरी मामंजींना ऐकवलं, "आण्णा, तुमीच पाण्यात काय काय करताय आन् नाव कारखान्याचं." तोवर गळीत संपलं होतं, विहिरीला वरून पाणी आलं होतं, तांबूस रंग गेला होता. चव मात्र राहिली. मी रडले. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हसू दाबत म्हणाल्या, "बाटलीच्या तोंडाला फडकं लावलंस व्हय? शिकलीस गं बाई." अशा वेळी त्यांना हसू यावं याचा मला राग आला, आणि मग मीही हसले.

पत्रानंतर मामंजी बदलले. घरच्या बाईला गावानं खोटं पाडलं, हे त्यांना झोंबलं. गणपती झाल्यावर वार्षिक सभा होती. विषयपत्रिकेत भट्टीची क्षमता दुप्पट करायचा ठराव होता. ते म्हणाले, मी उठून बोलणार. मी त्यांना चार ओळी लिहून दिल्या. आधी तळ्याला अस्तर घाला, शुद्धीकरणाचं यंत्र रोज चालवा, मग क्षमता वाढवा. कारखाना बंद करा असं त्यात कुठंच नव्हतं, तसं लिहिलं असतं तर त्यांनी कागद हातात धरला नसता. आठ दिवस परड्यात उभं राहून त्यांनी तो म्हशीला वाचून दाखवला.

सासूबाईंच्या नावावरही एक शेअर होता, कधीकाळी मामंजींनीच केलेला. त्या आयुष्यात पहिल्यांदा सभेला निघाल्या. मी सभासद नाही, म्हणून मांडवाच्या कडेला उभी राहिले. सहकारी कारखान्याची सभा मी कधी पाहिली नव्हती, म्हणून डोळे फाडून बघत होते. व्यासपीठावरून एकजण ठराव वाचायचा, फार भरभर, आणि वाचून होतो न होतो तोच मांडवभर गर्जना उठायची, "मंजूर! मंजूर!" हात वर, पुढचा ठराव, पुन्हा मंजूर. त्याला एक लय होती. दोन-तीन ठरावांनंतर माझ्यासुद्धा ओठांवर आलं, हे कबूल करते.

मामंजी कागद हातात धरून खुर्चीच्या टोकावर बसले होते. भट्टीचा ठराव वाचायला सुरुवात झाली. मी त्यांच्याकडेच बघत होते. वाचणाऱ्याचा आवाज शेवटाला आला, गर्जना उठली, आणि मामंजींचा कागद धरलेला हात वर गेला, तोंड उघडलं. "मंजूर!"

पुढचा ठराव सुरू झाला होता. त्यांनी हात खाली घेतला, कागदाकडे पाहिलं. बायकांच्या खुर्च्यांतून सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग शेजारणीला त्यांनी विचारलेलं मला ओठांवरून कळलं, "झालं व्हय एवढ्यात?"

गाडीत मामंजींनी कागद घडी घालून खिशात ठेवला. मामंजींचा मला संताप आला होता, पण बाटलीवर फडकं धरणारी मी कोणत्या तोंडानं काय बोलणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पाणी शेंदलं, गाळलं, धुवण विहिरीत सोडलं. मग दोन पेले भरले. एक मामंजींसमोर ठेवला.

"मला कशाला? मी जारचं पितोय," ते म्हणाले.

"तुमी मंजूर केलासा न्हवं? मग तुमीबी घ्या."

त्यांनी मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. गिळता येईना, थुंकताही येईना. शेवटी गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"हे पितीस तू?"

"व्हय."

"कवापास्नं हाय असं?"

"दुसरं गळीत झालं की."

"आन् बोलली न्हाईस?"

"बोलले. तुमी म्हणालासा, पाऊस पडला की जाईल."

मामंजींनी पेल्यातलं उरलेलं पाणी डोळे मिटून संपवलं. मला तो पेला हिसकावून घ्यावासा वाटत होता. मी जागची हलले नाही.

ते तसेच उठून कारखान्यावर गेले आणि दुपारी परत आले. माझं मंजूर मागं घ्या, असं त्यांनी तिथल्या कचेरीत सांगितलं होतं. तिथला माणूस हसला नाही, नीट बोलला, चहा दिला. "आण्णा, आवाजावर कुणाचं नाव नसतंय. त्यातनं तुमचा कुठला म्हणून काढू?" हे मामंजी आम्हाला इतक्या साध्या आवाजात सांगत होते, की मला त्यांच्या शेजारी बसून राहावं लागलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून पेला पुढे केला. मी भांडले. तुमचं वय, तुमचा रक्तदाब, एक काय कमी होतं म्हणून आता दोघांची काळजी करू? सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "पुरं झालं, समजलं तुमाला, आता जारचं प्या." त्यांनी ऐकलं नाही. पाणी प्यायले, तोंड वाकडं केलं, टोपी घातली आणि चार ओळींचा तो कागद घेऊन बाहेर पडले. तेव्हापासून हे रोज चाललंय. दारोदार जातात, सभासदांच्या सह्या मागतात. काही जण चहा पाजतात, काही जण दारातूनच बोळवतात. सह्या अजून फारशा झालेल्या नाहीत. या गळितात नवीन नमुना घ्यायचाय, आणि तो अधिकाऱ्यानंच शेंदायचा असं मी लेखी कळवलंय.

काल ते निघताना मी पुन्हा वाट अडवली. म्हटलं, मामा, सह्या गोळा करा, मी पण येते बरोबर, पण त्यासाठी हे पाणी प्यायची काय गरज आहे?

"जारचं प्यायलो असतो तर आज बी घरात बसलो असतो," ते म्हणाले, आणि चपला पायात सरकवून निघाले.